भिंतीची तहान

वाईच्या आमच्या घरात, माजघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारच्या सुमाराला ऊन आत येतं आणि उत्तरेच्या भिंतीला घासत पुढे सरकतं. २०२२ च्या दसऱ्याआधी आम्ही माजघर रंगवून घेतलं. काम संपलं त्या सकाळी भिंत छान दिसत होती. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडला असता हा रंग." त्याच दिवशी चार वाजता मी चहाचा कप घेऊन आले आणि दारातच थांबले. सोळा फूट लांबीच्या त्या भिंतीवर कुठे मंद चकाकी होती, कुठे रंग राखेसारखा कोरडा दिसत होता. मधे रोलरचे उभे पट्टे उमटले होते आणि कोनाड्याच्या बाजूला ताटाएवढे तीन-चार डाग. एकाच डब्यातला, एकाच दिवशी लावलेला रंग होता तो.

ज्यांना काम दिलं होतं ते म्हणाले, अजून एक हात मारू. मारला. डाग पुसट झाले, गेले मात्र नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतीवर आणि बाहेर सोप्यात पोपडे सुटायला लागले. पापुद्रा धरून ओढला की वहीच्या पानासारखा अख्खा निघून यायचा. त्याच्या पाठीला फिकी पूड चिकटलेली असायची आणि भिंतीवरही तीच पूड. रंग भिंतीला धरलाच नव्हता, तो त्या पुडीला धरून उभा होता.

दसरा-दिवाळीआधी घर रंगवायची आपली रीत आहे आणि ती मलाही प्रिय आहे. पण जुन्या चुन्याच्या भिंतींसाठी याहून वाईट मुहूर्त नाही, असं मी आता अनुभवाने सांगते. दोन फूट जाडीची दगड-विटांची भिंत चार महिने पाऊस पिऊन बसलेली असते. वरून सुकलेली दिसते, हात लावला तर कोरडी लागते, आतली ओल मात्र थंडी पडेपर्यंत हटत नाही. त्यात कारागिरांवर दहा घरं दिवाळीआधी उरकायची घाई. म्हणून २०२३ ची दिवाळी आम्ही पोपडे सुटलेल्या भिंतींसमोरच केली. आईला ते जड गेलं. पण काम धरलं ते तुळशीचं लग्न झाल्यावर.

या वेळचे पेंटर गावातलेच, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना पेंटरमामा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिल्या दिवशी ते शेडकार्ड न घेताच आले. खिशात रंग खरवडायची एक पत्री होती. आईकडे त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली मागितली.

"ताई, भिंत किती पानी पिती ते आदी बघू. रंगाचं मग बोलू."

आणि त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर, जिथे पोपडे निघून भिंत उघडी पडली होती तिथे, डावीकडून उजवीकडे पाण्याचा फवारा मारत नेला. ते दृश्य मी विसरणार नाही. काही ठिकाणी थेंब टेकताक्षणी गडप होत होते आणि तिथे गडद डाग पसरत होता. कोनाड्याशेजारी थेंब तसेच टिकून राहिले, मग ओघळले. मधेच एका हातभर जागेत ते हळूहळू, दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत आत शिरले. दोन मिनिटांत भिंतीवर नकाशा उमटला. मी फोनवर जुना फोटो काढून पाहिला. गेल्या वर्षीच्या रंगातले डाग आणि हा नकाशा जवळजवळ तंतोतंत जुळत होते.

कारण असं आहे. रंगात पाणी असतं, रंगाची भुकटी असते आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. तहानलेल्या जागी भिंत पाणी झटकन ओढून घेते, त्याबरोबर चिकटपणाही थोडा आत जातो, वर राहतो तो पातळ, कोरडा, निस्तेज थर. जिथे भिंत पाणी पीत नाही तिथे रंग सावकाश सुकतो, नीट पसरतो आणि त्याला हलकी चकाकी येते. रंग एकच असतो, उजेड परतवण्याची रीत दोन्हीकडे वेगळी होते. समोरून पाहिलं तर फरक कळत नाही. उजेड तिरपा आला की सगळं उघडं पडतं. अशा भिंतीवर रंगाचे चार काय, सहा हात दिले तरी हा फरक पुरता जात नाही, कारण तो रंगाच्या खाली असतो. एवढी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती, तर आमचे पैसे आणि आईचा हिरमोड दोन्ही वाचले असते.

कोनाड्याशेजारी थेंब का टिकले, तेही खरवडल्यावर समजलं. तिथे कधीतरी वायरिंगच्या वेळी भिंत फोडून सिमेंटने बुजवली होती. बाकी सगळा गिलावा चुना-वाळूचा, वर निरूचा, म्हणजे वस्त्रगाळ चुन्याचा, गुळगुळीत थर. सिमेंट घट्ट, चुना सच्छिद्र. दोन्ही एका भिंतीवर शेजारी शेजारी असले की वरून काहीही लावा, ती जोडी लपत नाही.

मग सुरू झालं खरवडणं. या कामाला मी स्वतः पाच दिवस हात लावला, नाक-तोंड नीट झाकणारा मास्क बांधून. एका जागी अख्खा ढलपा निघाला, नखाएवढा जाड. तो मी खिडकीत नेऊन कडेने पाहिला. सगळ्यात आत निरूचा दुधी थर, त्यावर नीळ घातलेल्या चुन्याचे किती हात ते मोजता येईनात, मग पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा, पिवळा, परत पांढरा, मग फिका गुलाबी आणि वर गेल्या वर्षीचा प्लास्टिक रंग. गुलाबी बघून आई म्हणाली, "हा माझ्या लग्नाच्या वर्षीचा." तो ढलपा तिने ठेवून दिला आहे.

या थरांना वेगवेगळं वागवावं लागतं. मामांनी ओलं फडकं घेऊन गुलाबी थरावर घासलं, फडकं गुलाबी झालं. म्हणजे तो साधा डिस्टेंपर, खडूची भुकटी आणि सरस. तो कोमट पाण्याने भिजवून धुतला की निघतो आणि तो काढलाच पाहिजे, कारण नव्या रंगातलं पाणी लागलं की तो सैल पडतो. आमचा रंग वहीच्या पानासारखा सुटला तो यामुळेच. चुन्याचा थर मात्र पाण्याने विरघळत नाही. तो फक्त सुटला असेल तिथे खरवडायचा, घट्ट बसला असेल तर त्याला हात लावायचा नाही. "जे धरून हाय ते आपलं," असं मामा म्हणायचे.

खालच्या अंगाला तीन फुटांपर्यंत जुना ऑइलपेंटचा पट्टा होता, तो आम्ही कोरडा घासला नाही. जुन्या तेलाच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नियमाने आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा रंग घासताना त्याची धूळ उडू द्यायची नाही. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासून, निघालेला चिखल पुसून पिशवीत भरायचा आणि घरात लहान मूल असेल तर त्या दिवसांत त्याला दुसरीकडे ठेवायचं. माझा भाचा आठवडाभर मावशीकडे राहिला.

खरवडून झाल्यावर मामांनी बोटांच्या पेरांनी सगळी भिंत वाजवली. भरीव जागी आवाज दबका येतो, पोकळ जागी मडक्यासारखा. पोकळ जागांना खडूने गोल केले. अकरा गोल झाले. हे सगळे आणि सिमेंटचे ठिगळसुद्धा मिस्त्रींनी फोडून काढलं. मला वाटलं होतं, सिमेंट असू द्यावं, त्यावर काहीतरी लावून भागवू. मिस्त्री आणि मामा दोघांनीही ठाम नकार दिला आणि त्यांचं बरोबर होतं.

नवा गिलावा चुना-वाळूचाच केला. आधी कडा ब्रशने साफ करून जागा नीट भिजवली, नाहीतर जुनी भिंत नव्या गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि तो भुसभुशीत होतो. एका वेळी जेमतेम अर्धा इंच, गुरमाळ्याने दाबून. तो आवळला की पुढचा थर आणि शेवटी निरू. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ हलका फवारा, दोन आठवडे. चुना पाणी उडाल्याने घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू परत दगड होतो आणि त्याला त्यासाठी ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. घाईने सुकवला तर वरून टणक, आतून कच्चा. शिवाय ताजा चुना जहाल असतो, त्यावर लगेच रंग दिला तर रंग खाल्ला जातो. आम्ही दीड महिना थांबलो. तेवढे दिवस माजघरातलं सामान ओसरीवर होतं आणि आईचा देव्हारा स्वयंपाकघरात. सिमेंटच्या गिलाव्यालाही २८ दिवस द्यावे लागतातच, पण जुन्या घरात ते दिवस कुणी मोजत नाही.

या मधल्या काळात सोप्याच्या भिंतीचा प्रश्न हाती घेतला. ती बाहेरच्या अंगाची भिंत. तिला खालून लोणा लागलेला होता. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, वाटेत खार विरघळवून आणते आणि पाणी उडालं की ते खार पृष्ठभागावर कापसासारखे फुलतात. १९९४ साली बाबांनी खालचे तीन फूट सिमेंटने लिंपून घेतले होते. त्यांनी चांगल्या मनानेच केलं, तेव्हा सगळेच तसं करत. पण सिमेंटमुळे ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही, ती आतून आणखी वर चढली आणि सिमेंटच्या पट्ट्याच्या वर फुटली. ते सिमेंट काढल्यावर आतल्या विटांचा ओला, मातकट वास सोप्यात चार दिवस भरून राहिला होता. लोणा धुवायचा नाही, हेही मला माहीत नव्हतं. धुतला की खार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली पडलेला गोळा करून बाहेर टाकायचा, पुन्हा फुलला की पुन्हा झाडायचा. आम्ही दर रविवारी झाडला. पाचव्या रविवारी सुपलीत चिमूटभरच आला.

सोप्याला प्लास्टिकचा रंग द्यायचाच नाही असं ठरलं. तिथे चुना. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, मामांनी स्वतः पाण्यात विरवला, लोखंडी पिंपात, मला लांब उभं करून, डोळ्यांना चष्मा लावून. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. पिंपातलं पाणी चूल नसताना रटरटत होतं. आठवडाभर मुरवून, मलमलच्या फडक्यातून गाळून, डिंकाचं पाणी आणि थोडी पिवडी घालून तो दुधाइतका पातळ केला. दूध हे मी मोजून सांगते आहे. दाट चुना लावला की त्याची पूड होते आणि त्याला तडे जातात.

पहिला हात दिला तेव्हा मला रडू आलं. भिंत भिजवून घेतली होती, त्यावर कुंचला फिरला आणि काही दिसलंच नाही, नुसती ओली भिंत. मामा म्हणाले, सकाळी बघा. सकाळी ती दुधाळ झाली होती. रोज एक हात, एक दिवस उभा, एक दिवस आडवा, प्रत्येक वेळी आधी भिंतीवर फवारा. पाचव्या हातानंतर भिंतीला जो मऊ, खोलातून आलेला उजेड चढला, तो कुठल्याही डब्यातून येत नाही. चुन्याचा रंग अगदी सपाट एकसारखा नसतो, थोडा ढगाळ असतो. पण तो ढगाळपणा सगळीकडे सारखा असतो, म्हणून डोळ्याला खुपत नाही. फक्त पिवडी तळाशी बसते, तेव्हा कुंचला बुडवायच्या आधी प्रत्येक वेळी ढवळावंच लागतं आणि सगळ्या हातांना पुरेल एवढा रंग एकदमच करून ठेवावा लागतो. निम्म्यात संपला तर दुसरी छटा तशीच जमत नाही.

माजघराच्या आतल्या भिंती कोरड्या. तिथे आईला पुसता येणारा रंग हवा होता, म्हणून इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, तोही मॅट, बिनचकाकीचा. चकाकीचा नको हे मामांनी पटवलं. जेवढी चकाकी जास्त तेवढे भिंतीचे उंचवटे दिसणार.

इथेच एक निर्णय घ्यावा लागला. भिंत ओळंब्यात नव्हती, मधे पोट आलेलं होतं. ती सरळ करायची तर पुट्टीचा, म्हणजे खळगे भरायच्या लुकणाचा, जाड थर लागला असता आणि पुट्टी एका हाताला दीड मिलिमीटरपेक्षा जाड चढवली की पुढे तडकते. मी म्हटलं, पोट राहू द्या. जुन्या भिंतीला बाक असावा, तो घराचा आहे. पण डाग नकोत. मामांनी मान डोलावली आणि संध्याकाळी एक बल्ब वायरला लावून आणला. खोलीत अंधार करून तो भिंतीला चिकटवल्यासारखा धरला आणि हळूहळू सरकवत नेला. लांब बाक सावलीत विरघळून गेले, छोटे खळगे आणि पत्रीचे ओरखडे मात्र काळेभोर उठून दिसले. त्या प्रत्येकाला पेन्सिलची खूण केली. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्याच जागी पुट्टी, तीसुद्धा कडेला शून्य होईल अशी ओढलेली. आधी १२० नंबरच्या पेपरने घासलं, मग २२० ने. पुन्हा बल्ब. असं तीनदा. तीन संध्याकाळी मी तो बल्ब धरून उभी होते आणि मला भिंतीचा तो कोपरा न् कोपरा आता पाठ आहे.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मात्र पुट्टीच्या आधी एकदा दिलेला होता, पातळ, अल्कली म्हणजे चुन्याचा जहालपणा सोसणारा. पहिला हात भिंतीने अक्षरशः गिळला. पुट्टीचे ठिपके घासून झाल्यावर फक्त त्या ठिपक्यांवर प्रायमर, कारण पुट्टीची तहान वेगळी. ते सुकल्यावर परत अख्ख्या भिंतीला प्रायमर. मग मामांनी बाटली मागितली आणि पुन्हा फवारा मारला. डावीकडून उजवीकडे सगळे थेंब सारखेच थांबले, सारखेच ओघळले. मामा काही बोलले नाहीत. बाटली माझ्या हातात दिली आणि रंगाचे डबे उघडायला बसले.

चार डबे होते. बॅच नंबर एकच, तरी चारही एका मोठ्या टबात ओतून एकजीव केले आणि गाळले. पंखा बंद, वाऱ्याच्या बाजूची खिडकी लोटलेली. मामांचा पुतण्या ब्रशने कडीपाटाखालची आणि कोपऱ्याची कड काढत पुढे आणि ती कड ओली असतानाच मामा रोलर घेऊन मागे. खिडकीपासून सुरुवात, वरून खाली, प्रत्येक पट्टा आधीच्या ओल्या पट्ट्यावर चार बोटं चढवायचा आणि शेवटचा हलका हात नेहमी वरून खालीच. पट्ट्याची कड एकदा सुकली की जोड दिसतो, म्हणून भिंत एकदा धरली की कोपऱ्यापर्यंत थांबायचं नाही. मी मधे चहा आणला तर मामांनी मान न वळवता सांगितलं, "कोपरा गाठू द्या ताई." चहा दोनदा गरम केला.

डब्यावर चार-सहा तासांनी दुसरा हात द्या असं लिहिलेलं होतं. आम्ही रात्र जाऊ दिली.

फेब्रुवारीतली ती दुपार. आई आणि मी चार वाजता भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसलो. ऊन आलं, भिंतीला लागलं आणि पुढे सरकत गेलं. भिंतीचं पोट दिसलं, कोनाड्याची सावली दिसली. डाग एकही नव्हता. आईने उठून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सोप्यात दोन ठिकाणी लोणा परत फुलला. झाडला आणि थंडीत तिथल्या भिंतीला चुन्याचा एक हात दिला, झालं. माजघरात काही नाही. मधे एकदा इलेक्ट्रिशियनने नवीन प्लगसाठी उत्तरेच्याच भिंतीत भोक पाडलं, मग जागा चुकली म्हणून दुसरं पाडलं. उरलेला रंग बरणीत होता, झाकणावर तारीख घातलेला. मी मामांना फोन केला, बोटभर जागा आहे, मीच लावू का म्हणून. ते म्हणाले, लावलात तर चार वाजता बोटभर जागाच दिसेल. ते आले, भोक निरूने बुजवलं, तीन आठवड्यांनी त्यावर प्रायमर दिला आणि मग सोळा फूट भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवली.